खाडी, बांध आणि कोल्हा : बोनकोडे परिसरातील वन्य शेजाराचा इतिहास

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत उतरत गेलेल्या चिंचोळ्या पट्टीच्या साधारण मध्यावर बोनकोडे हे आगरी वस्तीचे जुने गाव आहे. आज ते कोपरखैरणे उपनगराच्या सेक्टरांनी वेढलेले असून गावठाण, म्हणजे महसुली दप्तरात शेतजमिनीपासून वेगळी दाखवलेली मूळ राहती जागा, एवढ्याच ओळखीने उरले आहे. पश्चिमेला खाडी आणि तिच्या काठची खारफुटी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे औद्योगिक वसाहत आणि तिच्या पाठीशी पारसिकची डोंगररांग, असा हा भूगोल आहे. खाडी आणि डोंगर यांच्यात जेमतेम चार-पाच किलोमीटरचे अंतर असल्यामुळे खाऱ्या चिखलातले आणि डोंगरातल्या झाडीतले असे दोन निराळे प्राणिसमाज या पट्टीतल्या गावांच्या शिवारात येऊन भिडत, आणि शिवार नाहीसे झाल्यावर ते वसाहतींच्या कुंपणाशी येऊन भिडू लागले.

नवी मुंबईच्या एखाद्या वसाहतीत कोल्हा, अजगर, घोरपड किंवा माकडांची टोळी दिसली की तिचा अर्थ लावण्याच्या दोन ठरीव रीती आहेत. प्राणी शहरात शिरला असे एक पक्ष म्हणतो, तर माणसानेच जंगलावर आक्रमण केले असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष माणूस आणि वन्य प्राणी यांच्यामध्ये मुळात एक पक्की सीमारेषा होती आणि ती कोणीतरी अलीकडे ओलांडली, असे गृहीत धरून चालतात. सह्याद्रीतल्या एखाद्या अभयारण्याच्या काठावर हे गृहीत कदाचित चालूनही जाईल. बोनकोड्याच्या बाबतीत ते टिकत नाही, कारण इथल्या जमिनीचा मोठा भाग माणसाने खाडीकडून मिळवलेला होता, ती जमीन राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मातीचा बांध घालावा लागत होता, आणि बांधाची देखभाल थांबली की खाडी आपल्या चिखलासह, झुडपांसह आणि जनावरांसह परत येत होती. सीमा होती, पण ती दरवर्षी हातांनी नव्याने उभी करावी लागणारी होती. शहराने ही जमीन ताब्यात घेतली, मात्र त्या सीमेची राखण कोणी करायची हा प्रश्न मागे सोडून दिला. इथल्या वन्य प्राण्यांच्या अलीकडच्या इतिहासाचा गाभा हाच आहे.

या जमिनीची घडण प्रथम समजून घ्यावी लागते. भरतीचे पाणी ज्या सपाट चिखलावर पसरते आणि ओहोटीला उतरते त्याला खाजण म्हणतात. खाजणाच्या खाडीकडील बाजूला मातीचा आणि चिखलाचा उंच बांध घालून भरती अडवली, आतल्या जमिनीवर काही पावसाळे गोडे पाणी साचू देऊन तिच्यातला क्षार उतरवला, की तिथे भात घेता येते. बांधाला ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवलेली असे. उघाडी म्हणजे झडपेचे तोंड, जे ओहोटीला उघडून आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून खारे पाणी बाहेर ठेवते. अशा जमिनीत क्षार सोसणारी रात्यासारखी तांबूस भातजात लावली जाई. ठाणे आणि कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांच्या खारेपाटात ही शेती आगरी समाजाने प्रामुख्याने उभी केली, आणि तिच्या जोडीला मिठागरे व खाडीतली मासेमारी असा तिपेडी व्यवसाय चालत आला.

बाहेरचा मोठा बांध राखणे हे एकट्या कुळाच्या ताकदीबाहेरचे काम असल्याने त्यासाठी निराळी व्यवस्था होती. कुलाबा भागात तिला शिलोत्री म्हणत. तिच्यात बांध बांधणारा आणि दुरुस्त ठेवणारा शिलोत्रदार कुळांकडून नेहमीच्या खंडाखेरीज बिघ्यामागे जादा भात घेत असे आणि त्या बदल्यात बांधाची जबाबदारी त्याच्यावर राही. जिथे ही जबाबदारी नीट पार पाडली जात नसे तिथे गावच एकत्र येऊन बांध राखी. बांधाला खांड पडली, म्हणजे भरतीच्या रेट्याने तो फुटला, तर पुढच्या उधाणाआधी ती बुजवणे भाग असे, कारण एकदा खारे पाणी शिरले की शेत काही वर्षांसाठी हातचे जाई. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने हे काम सरकारी यंत्रणेकडे आणले. परंतु दुसरा कायदा येईतो बोनकोड्याच्या पट्टीचे भवितव्य निराळ्याच दिशेने ठरून गेलेले होते.

बांधाचा आणि वन्य प्राण्यांचा संबंध वरवर वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. बांधाचा पहिला शत्रू भरती असली तरी दुसरा शत्रू बिळे करणारा जीव असे. चिंबोऱ्या आणि उंदीर यांची बिळे बांधाच्या पोटात आरपार गेली की त्यातून पाणी झिरपू लागे आणि एखाद्या उधाणाच्या रात्री तिथेच खांड पडे. या दोन्ही जिवांवर जगणारा खाजणातला मुख्य शिकारी म्हणजे कोल्हा. इथला कोल्हा म्हणजे सोनेरी कोल्हा, जो भारतभर माळरानापासून गावकुसापर्यंत सर्वत्र आढळतो आणि ज्याला खोकडाशी एक मानण्याची चूक शहरी लेखनात सर्रास होते. तो चिंबोऱ्या, उंदीर, मासे, मेलेली जनावरे, पडलेली फळे आणि माणसाने टाकलेले अन्न यांपैकी जे मिळेल त्यावर गुजराण करतो. चिंबोऱ्या-उंदीर खाणारा म्हणून तो बांधाचा मित्र, तर उंच आणि कोरडी जागा पाहून बांधातच बीळ उकरणारा म्हणून तोच बांधाचा वैरी, अशी त्याची दुहेरी भूमिका होती. खाजणात भरतीच्या वर राहणारी जागा मुळातच थोडी आणि तीही बहुतेक माणसाने उभारलेली, त्यामुळे माणसाचा बांध हाच कोल्ह्याचाही आसरा ठरावा यात आश्चर्य नाही. मराठी लोकव्यवहारात कोल्ह्याची जी प्रतिमा आहे, म्हणजे काकडीलाही राजी होणारा, धूर्त पण भित्रा आणि फारसा मान न दिलेला प्राणी, ती अशा रोजच्या शेजारातूनच घडलेली असावी. वाघाला मिळाले तसे देवत्व त्याच्या वाट्याला आले नाही.

या शेजारात धोका नव्हता असे मात्र नाही. पिसाळलेल्या कोल्ह्याचा चावा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याइतकाच जीवघेणा असतो, आणि भारतात त्यावरची लस देणारी पहिली पाश्चर संस्था कसौली येथे १९०० साली निघाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ खाडीकाठच्या खेड्यातल्या माणसाला देवऋषी आणि झाडपाला यांखेरीज उपाय नव्हता. भाताच्या राखणीला रात्री माळ्यावर, म्हणजे शेतात बांबूंवर उभारलेल्या मचाणावर, बसण्याची रीत कोकणपट्टीत सर्वत्र होती, आणि डोंगराच्या बाजूच्या शेतांत ती प्रामुख्याने रानडुकरांसाठी असे. राखणीचा अर्थ जनावर मारणे एवढाच नव्हता. आरोळी, गोफण, डबा वाजवणे आणि शेकोटी यांनी ते परतवून लावणे हाच राखणदाराचा खरा उद्योग असे.

पूर्वेकडील पारसिकच्या डोंगराशी गावांचा संबंध गुरे, सरपण आणि देव यांच्यामार्फत होता. घणसोली-महापे भागातला गवळीदेव आणि रबाळ्याजवळची सुलाईदेवी ही डोंगरावरची दैवते आजही परिचित आहेत, आणि महाप्याजवळच्या अडवली-भुतवली परिसरात झाडीच्या आश्रयाने राहिलेली वस्ती शहराच्या नकाशात अजून वेगळी उठून दिसते. डोंगरातले मोठे जनावर म्हणजे बिबळ्या, आणि त्याहून मोठा म्हणजे पट्टेरी वाघ. एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही आजच्या मुंबई-ठाण्याच्या हद्दीत होते. १८२२ साली मलबार हिलवरचा वाघ खाली उतरून गोवालिया तलावावर पाणी प्यायल्याची नोंद मुंबईच्या इतिहासलेखकांनी आवर्जून जपून ठेवली आहे, आणि साष्टी बेटावरचा शेवटचा वाघ विहार तलावाच्या परिसरात मारला गेला तो जानेवारी १९२९ मध्ये. म्हणजे मुंबईत विजेवर चालणारी लोकल गाडी सुरू झाल्यानंतरही जवळजवळ चार वर्षे त्या बेटावर वाघ होता. बोनकोड्याच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या तीरावर, तेच साष्टी बेट आहे.

वाघ नाहीसा होण्यामागे झाडी कमी होणे हे एक कारण होते, परंतु ते एकमेव नव्हते. ब्रिटिश सरकारने हिंस्र ठरवलेल्या प्राण्यांना आणि विषारी सापांना मारण्यासाठी रोख बक्षिसे लावली होती, कारण लागवडीखाली आलेली प्रत्येक बिघा जमीन महसूल देत होती आणि वाघ-बिबळ्याच्या भीतीने पडीक राहिलेली जमीन देत नव्हती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी आकड्यांवरून मांडलेल्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे आणि २,००,००० लांडगे बक्षिसांसाठी मारले गेले. हे आकडे फक्त बक्षीस घेतलेल्या जनावरांचे आहेत, शिकारीच्या हौसेखातर मारलेली यांत धरलेली नाहीत. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही वन्य प्राण्यांचा वृत्तान्त आहे, पण त्या सगळ्या लेखनाची दृष्टी शिकारीची आणि उपद्रवाची आहे. कोल्ह्याला त्या दृष्टीने फारशी किंमत नव्हती आणि कदाचित म्हणूनच तो वाचला.

गावकऱ्यांची दृष्टी याहून निराळी होती. ठाणे जिल्ह्यातल्या वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांत वाघोबा किंवा वाघदेव हे दैवत आहे. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघाबरोबर सूर्य-चंद्र कोरून ते वेशीवर वा जंगलाच्या वाटेवर बसवतात, आणि दिवाळीच्या आरंभी येणाऱ्या वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवून गुराढोरांचे रक्षण मागतात. या पूजेला नुसती भीती म्हणणे अपुरे ठरेल, कारण तिच्यात एक व्यवहार आहे. वाघाचा हिस्सा मान्य करायचा आणि त्या बदल्यात त्याने आपली हद्द पाळावी अशी अपेक्षा धरायची. त्या समाजांच्या जंगलवाटेवरचा वाघोबाचा दगड आणि खाजणातला आगऱ्यांचा बांध या दोहोंमागची कल्पना एकाच जातीची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची दिशा उलटली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा केला आणि १९७२ मध्ये संपूर्ण देशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्यानंतर ज्या प्राण्याच्या कातड्यासाठी आजोबाला बक्षीस मिळाले असते त्याला हात लावल्याबद्दल नातवाला तुरुंगवास होऊ शकेल अशी स्थिती झाली. घोरपड पकडणे हा खेड्यापाड्यांत फारसा विचार न करता चालणारा उद्योग होता. तोही गंभीर गुन्हा ठरला. हा बदल योग्यच होता, पण तो समजावून सांगण्याचे काम मात्र कायद्याइतक्या तत्परतेने कोणी हाती घेतले नाही.

याच सुमारास पट्टीचा चेहरामोहरा बदलण्यास सुरुवात झाली होती. तिचा पहिला मोठा छेद खरे म्हणजे रेल्वेने घेतला होता, कारण १९१६ मध्ये खुला झालेला सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा याच रांगेच्या पोटातून जातो. तथापि बोनकोड्याच्या शिवाराला धक्का लागला तो १९६० च्या दशकात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक क्षेत्र आखले आणि नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने तिथे उभे राहिले तेव्हा. डोंगर आणि गाव यांच्यामध्ये कारखान्यांची सलग भिंत तयार झाली, आणि शहर वाढू लागल्यावर त्याच डोंगराच्या उतारावर दगडखाणी निघाल्या. गुरे डोंगरात नेण्याची वाट बंद झाली तशी डोंगरातले जनावर खाली उतरण्याची वाटही अरुंद होत गेली. नाले, कल्व्हर्ट आणि कारखान्यांच्या मागची पडीक जागा एवढेच मार्ग उरले.

दुसरा आणि निर्णायक बदल नवी मुंबईच्या कल्पनेतून आला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची सूचना केली, १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले, आणि ठाणे व रायगड या जिल्ह्यांतली मिळून ९५ गावांची, ३४४ चौरस किलोमीटरची हद्द नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. शेतजमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या. गावठाणे तेवढी वगळली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. हा इतिहास हक्कांचा आणि मोबदल्याचा इतिहास म्हणून पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याच्या पोटात दडलेला बांधाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला.

जमीन संपादित झाल्याच्या क्षणी बांधाचा मालक बदलला. ज्या शेतात आपण पुढच्या वर्षी पेरणार नाही त्याच्या बांधावर घाम गाळण्याचे कुळाला कारण उरले नाही, आणि नव्या मालकाच्या दृष्टीने ते शेत नसून केवळ भविष्यातला भूखंड होता. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, पण वसाहतींची वाढ दक्षिणेकडून वर सरकत कोपरखैरण्यापर्यंत येण्यास आणखी बरीच वर्षे लागली. त्या मधल्या काळात कित्येक ठिकाणी बांध फुटले, उघाड्या गाळाने बसल्या, भरती जुन्या भातखाचरांत शिरली आणि तिच्याबरोबर वाहत आलेली तिवराची बीजे तिथे रुजली. तिवर ही खारफुटीची या खाडीत सर्वाधिक आढळणारी जात, चिखलात श्वास घेण्यासाठी जमिनीतून वर डोकावणारी श्वसनमुळे असलेली आणि सांडपाणीही सोसणारी. आज नवी मुंबईच्या खाडीकाठी जी दाट हिरवी पट्टी दिसते तिचा काही भाग अनादिकालापासूनचे अरण्य नसून पन्नासएक वर्षांपूर्वीचे भाताचे शेत आहे. कोल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर शहर आल्यामुळे त्याचे घर केवळ आकुंचन पावले असे म्हणता येणार नाही; एका बाजूने ते आकुंचले आणि दुसऱ्या बाजूने, शेतकरी निघून गेल्यामुळे, ते पसरले.

शहराने खारफुटीला आणखी एक जागा नकळत करून दिली. समुद्रसपाटीला टेकलेल्या सेक्टरांत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी साठवण्यासाठी सिडकोने धारण तलाव खोदले. नाल्यांचे पाणी आधी या तलावात जमा व्हावे, ओहोटी लागली की एका दिशेने उघडणाऱ्या झडपांतून ते खाडीत जावे, अशी ही रचना असून तिला इथे डच पद्धत म्हणतात. वास्तविक ती उघाडीचीच मोठी आवृत्ती आहे, आणि आगऱ्यांनी शतकानुशतके वापरलेल्या युक्तीला परदेशी नाव मिळाले यात एक विनोद दडलेला आहे. फरक एवढाच की उघाडी दरवर्षी साफ होत असे. धारण तलावांत गाळ साचत गेला, गाळावर खारफुटी उगवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातल्यानंतर व सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिच्याभोवती ५० मीटरचे संरक्षित अंतर कायम केल्यानंतर ती झाडे सहजासहजी काढणे अशक्य झाले. अशा रीतीने उंच इमारतींच्या मध्यावर खाजणाचे तुकडे निर्माण झाले, ज्यांत बगळे, खंड्या, दिवड जातीचे पाणसाप, मुंगूस आणि प्रसंगी कोल्हाही आढळू शकतो.

अन्नाची सोयही शहरानेच केली. १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहू लागलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११,२०,५४७ होती, आणि एवढ्या माणसांचा कचरा व सांडपाणी यांचा खाडीशी संबंध येणे अटळ होते. कोपरखैरण्याचा जुना कचरा डेपो बंद करून त्या जागी आज निसर्ग उद्यान आहे. डेपो चालू असताना मात्र असे ठिकाण उंदीर, घारी, भटकी कुत्री आणि कोल्हे या सर्वांसाठी बारमाही अन्नछत्रच असते. खाडीतले रोहित पक्षी, ज्यांच्या जोरावर नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवते, तेही १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊ लागले. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे वाढलेले शेवाळ हे त्यांच्या येण्याचे एक कारण मानले जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रास फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रोहित पक्ष्याला जे कौतुक लाभले ते त्याच चिखलातल्या कोल्ह्याला लाभले नाही. त्याची बातमी होते ती तो एखाद्या इमारतीच्या वाहनतळात शिरला तरच.

या जवळिकीचा खरा धोका कोल्ह्याच्या स्वभावात नाही. तो सहसा माणसाला टाळतो. धोका आहे तो भटक्या कुत्र्यांशी येणाऱ्या त्याच्या संपर्कात, कारण कचऱ्याच्या ढिगावर दोन्ही प्राणी एकत्र येतात, एकमेकांना चावतात आणि रेबीजसारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. २०२४ मध्ये खाडीच्या पलीकडे, मुंबईच्या पूर्व उपनगरांत सापडलेल्या काही कोल्ह्यांत रेबीजचे निदान झाले, तेव्हा ही शक्यता केवळ पुस्तकी नाही हे स्पष्ट झाले. कचऱ्याची व्यवस्था आणि कुत्र्यांचे लसीकरण हे आरोग्य विभागाचे विषय मानले जातात, वन्यजीवांचे मानले जात नाहीत. त्यामुळे या धोक्याचे मूळ जिथे आहे तिथे त्याच्याकडे वन्यजीवांचा प्रश्न म्हणून पाहिलेच जात नाही.

बिबळ्याच्या बाबतीत तुलना करावयाची ती साष्टी बेटाशी. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या लगतच्या भागात २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबळे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ओळखले गेले. जून २००४ मध्ये या उद्यानाभोवती बिबळ्यांच्या हल्ल्यांनी मोठी दहशत पसरली होती. त्याआधी जुन्नर भागातल्या उसाच्या फडांत बिबळे पकडून दूर सोडण्याची मोहीम झाल्यानंतर तिथले हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले, आणि दिसला बिबळ्या की पकडा व दुसरीकडे नेऊन सोडा, या सोप्या वाटणाऱ्या उपायाचा पाया ढासळला. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबळ्या शिरला तेव्हा लोकांची गर्दी आवरणे हेच त्याला पकडण्याइतके कठीण काम ठरले. पारसिकची रांग या उद्यानाशी सलग नाही, मध्ये खाडी आणि दाट वस्ती आहे. म्हणून साष्टीचा अनुभव बोनकोड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलल्यानंतर कोपरखैरण्यात आणि घणसोलीत माथाडी कामगारांच्या मोठ्या वसाहती झाल्या. हे कामगार मुख्यतः सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटाकडच्या गावांतून आलेले, म्हणजे बिबळ्या आणि रानडुक्कर यांच्याशी गावाकडे ज्यांची ओळख होती असे. बोनकोड्याच्या आगऱ्यांना खाजण ठाऊक होते, त्यांच्या नव्या शेजाऱ्यांना डोंगर ठाऊक होता. नगररचनेच्या कोणत्याही आराखड्यात या दोन्ही ज्ञानांना जागा नव्हती.

प्रत्यक्षात वसाहतीतल्या माणसाची सर्वाधिक गाठ पडते ती सापाशी. पावसाळ्यात बिळे पाण्याने भरली की नाग, घोणस, धामण आणि क्वचित अजगर कोरडी जागा शोधत बैठ्या घरांच्या ओळींत, जिन्याखाली आणि मोटारींच्या बॉनेटमध्ये येतात. उंदीर मुबलक असल्यामुळे त्यांना परत जाण्याची घाईही नसते. सापाला ठेचण्याची जुनी सवय गेल्या चार दशकांत महाराष्ट्रात बरीच कमी झाली, आणि तिचे श्रेय सर्पमित्र या खास मराठी संस्थेला द्यावे लागते. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढून साप उगाच चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दाखवले आणि १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे केले. त्यानंतर शहरोशहरी सापाला पकडून सोडणारी तरुणांची मंडळी तयार झाली. या परंपरेला प्रसिद्धीच्या हव्यासाचे आणि अर्धवट कौशल्याचे गालबोट लागले आहे हे खरे, आणि सापाशी खेळ करणाऱ्या सर्पमित्रांचे मृत्यूही झाले आहेत. तरीही जुन्या गावात राखणदाराचे जे काम होते, म्हणजे जनावर आले तर ते कुठून आले आणि कुठे परतवायचे हे जाणणे, त्याच्या सर्वांत जवळ पोचलेला शहरी माणूस सर्पमित्रच आहे.

आजची प्रशासकीय रचना पाहिली तर बांधाची जबाबदारी किती जणांत विभागली गेली आहे याची कल्पना येते. २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष खारफुटीची निगा पाहतो, डोंगरातले वनक्षेत्र ठाण्याच्या प्रादेशिक वनविभागाकडे आहे, कारखान्यांचा पट्टा औद्योगिक महामंडळाकडे, न विकलेले भूखंड सिडकोकडे, तर नाले, कचरा आणि कुत्री महानगरपालिकेकडे. डोंगरातून निघालेला प्राणी खाडीपर्यंत पोचेतो या सर्वांच्या हद्दी ओलांडतो. नागरिकाला मात्र १९२६ हा वनविभागाचा एकच क्रमांक माहीत असतो, आणि तोही बहुधा प्राणी दिसल्यानंतर शोधला जातो. धारण तलावांतल्या गाळाचे काय करायचे हा प्रश्न याच विभागणीत अडकला आहे. पावसाळी पाण्यासाठी महानगरपालिकेला तलाव खोल हवेत, खारफुटीला हात लावण्यास न्यायालयाची परवानगी हवी, आणि दरम्यान दर भरतीबरोबर येणाऱ्या गाळामुळे तलावांचे तळ वर येत असून त्यावर नवी तिवरे उगवत आहेत.